नॉर्थस्टँडकर

वानखेडे स्टेडियमवर आज साधारण ३३ हजार माणसं बसतात. जुनं होतं तेव्हा याहून काही हजार जास्त बसायची. हे झाले कागदावरचे आकडे. मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार आणि आता पनवेलच्याही पलीकडे पांगलेल्या साठीपुढच्या गृहस्थांच्या जबान्या घेतल्या, तर जुन्या वानखेडेच्या एकट्या नॉर्थ स्टँडमध्येच चार-पाच लाख माणसं मावत होती असं सिद्ध होतं. तीही सगळी खालून तिसऱ्या पायरीवर, साइटस्क्रीनच्या किंचित डावीकडे.

या गृहस्थांना मी नॉर्थस्टँडकर म्हणतो. त्यांची खरी आडनावं दारावरच्या पाटीवर असतात आणि ती पोस्टमनच्या उपयोगाची असतात. ओळखायला ते अगदी सोपे. क्रिकेटचा विषय निघाला की बाकीचे लोक "मी पाहिलंय", "मी वाचलंय" असं काहीतरी म्हणतात. नॉर्थस्टँडकर कप बशीत ठेवतात, समोरच्याचं वाक्य संपू देतात आणि म्हणतात, "तिथं होतो मी."

विषय निघाला नाही तर ते काढतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या टाकीच्या गळतीची चर्चा चालली होती. सेक्रेटरी म्हणाले, स्लॅबला ओल आली आहे. आमचे नॉर्थस्टँडकर उठले. "ओलीचं मला सांगू नका. पंच्याहत्तर साली वानखेडेवर पहिली टेस्ट झाली तेव्हा सिमेंट पुरतं वाळलं नव्हतं. पाटलोण ओली झाली होती माझी. तिथं होतो मी." पुढचा पाऊण तास क्लाइव्ह लॉईड नाबाद होता. टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

आमचे नॉर्थस्टँडकर मूळचे गिरगावचे. दोन पिढ्या ठाकूरद्वारच्या चाळीत गेल्या. "गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की बाकीचे मुंबईकर राजापूर नाहीतर वाई सांगतात, हे ठाकूरद्वार सांगतात. सामन्याच्या दिवशी घरून निघायचं, मरीन लाइन्सचा पूल ओलांडायचा आणि रांगेत उभं राहायचं. बसचा खर्च नाही, लोकलची धक्काबुक्की नाही. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, स्टँडच्या जागी दुसरा स्टँड आहे, आणि नॉर्थस्टँडकर डोंबिवलीच्या पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आहेत. तिसऱ्या पायरीवरून तिसऱ्या मजल्यावर, असं ते स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात.

वानखेडे कसं उभं राहिलं हे ते अशा थाटात सांगतात की त्या बैठकीत चहा यांनीच नेऊन दिला असावा. हकिकत खरी आहे आणि मुंबईला शोभणारी आहे. कसोटी सामने तेव्हा ब्रेबॉर्नवर व्हायचे. ब्रेबॉर्न मालकीचं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, सामने भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. कुणाला किती तिकिटं यावरून दोघांचं कायम वाजायचं. क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट, असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. शेवटी वानखेड्यांनी ठरवलं की तुमचं स्टेडियम तुम्हाला लखलाभ, आम्ही आमचं बांधतो. आणि ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, चर्चगेटच्या रुळांना खेटून, शशी प्रभूंच्या आराखड्याप्रमाणे साधारण १३ महिन्यांत ते बांधूनही टाकलं. "मराठी माणसानं मनावर घेतलं ना..." असं म्हणून नॉर्थस्टँडकर वाक्य अर्धं सोडतात. पुढे याच वानखेडेत विजय मर्चंटांच्या नावाचाही स्टँड झाला. मुंबईत भांडणं मिटतात ती अशी.

जानेवारी १९७५ मधली ती पहिली कसोटी. लॉईडच्या नाबाद २४२, आपल्या सोलकरचं शतक (नॉर्थस्टँडकर त्याला एक्की म्हणतात, कसोटीतलं त्याचं ते एकमेव शतक), पतौडीचा शेवटचा सामना आणि भारताचा पराभव. लॉईडचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला झोडपलं, लोक भडकले, जाळपोळ झाली आणि चहानंतरचा खेळ बुडाला. माझ्या ओळखीच्या नॉर्थस्टँडकरांपैकी दोघे जण तो पोरगा आपणच होतो असं सुचवतात. सांगत नाहीत, सुचवतात. विषय निघाला की पाठ जरा सरळ करतात आणि "पोलिसांचा हात तेव्हा जड होता हो" एवढंच म्हणतात.

नॉर्थ स्टँड म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे, आणि नॉर्थस्टँडकर ते सहा-सहा तास सांगतात. मी थोडक्यात सांगतो. सिमेंटच्या पायऱ्या. समोर उंच जाळी, त्यामुळे मैदान चौकोनाचौकोनांत दिसायचं. हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन थेट तोंडावर. पाणी मिळालं तर मिळालं. मुताऱ्यांबद्दल नॉर्थस्टँडकरही जास्त बोलत नाहीत. बसण्याची पद्धत अशी की वर्तमानपत्र घरून न्यायचं, रांगेत क्रीडा पान वाचायचं आणि आत गेल्यावर अग्रलेखाच्या पानावर बसायचं. जागेला नंबर नसल्यामुळे जो आधी येईल तो पसरेल, आणि जो उशिरा येईल त्याला "सरका हो जरा" म्हणण्याचा हक्क. त्या सरकण्यातून ओळखी व्हायच्या. डब्यात पोळी, बटाट्याची सुकी भाजी आणि मिरचीचा ठेचा. पाचव्या दिवसापर्यंत आपली भाजी कुठं संपते आणि शेजाऱ्याची कुठं सुरू होते हे कळत नसे. अशा शेजाऱ्यांचं नाव कधीच कुणी विचारलं नाही. "तो दादरचा", "तो चष्मेवाला", "तो ज्याची बायको मेथीचे पराठे द्यायची", एवढ्यावर वीस-वीस वर्षांची मैत्री निभावली.

कानाला ट्रान्झिस्टर असायचाच. समोर खेळ चाललाय आणि कानात त्याचंच समालोचन, हे काय, असं मी एकदा विचारलं. नॉर्थस्टँडकरांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "समालोचक चुकला तर कुणी सांगायचं त्याला?"

नॉर्थ स्टँड चुका सांगायचाच. गावसकरला सुनील म्हणून, वेंगसरकरला कर्नल म्हणून, आणि बाहेरगावच्या खेळाडूला त्याच्या तीर्थरूपांसकट. लोक म्हणतात की इथले प्रेक्षक जाणकार होते. होते. पण जाणकारीचा खरा उपयोग टोमणा नेमका मारण्यासाठी व्हायचा. संथ खेळणाऱ्या रवी शास्त्रीला "हाय हाय" ऐकवण्यात देशातलं कुठलंच मैदान मागे नव्हतं, आणि हे तर त्याच्या घरचं.

नॉर्थस्टँडकरांची साक्ष कुणी उलटतपासणीला घेतली नाही असं नाही. आमच्या मजल्यावरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा हातात मोबाइल घेऊन त्यांच्यामागे लागला होता. विषय होता फेब्रुवारी १९८० मधली नियामक मंडळाची सुवर्णमहोत्सवी कसोटी. बोथमनं शतक काढलं आणि १३ बळी घेतले तो सामना. पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला कर्णधार विश्वनाथनं मोठ्या मनानं परत बोलावलं, आणि त्या टेलरनं बोथमबरोबर मोठी भागी करून सामना आपल्या हातातून नेला. विश्वनाथच्या मोठ्या मनावर नॉर्थस्टँडकर आजही चिडतात. "सज्जनपणा घरी करावा," म्हणतात.

"काका, तुम्ही सगळे दिवस गेला होतात?" पोरानं विचारलं.

"सगळे. पंधरा, सोळा, सतरा..."

"सोळाला काय झालं?"

"सोळाला काय व्हायचंय? सकाळी जरा ढगाळ होतं, अंधारून आलं होतं..."

"काका, सोळा फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. म्हणून विश्रांतीचा दिवस त्याच दिवशी घेतला. खेळच नव्हता."

दुसरा कुणी असता तर पाणी मागितलं असतं. नॉर्थस्टँडकरांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खेळ नव्हता हे मला माहीत नाही होय? खेळ नव्हता. मी होतो."

पण या जातीची खरी कसोटी लागते ती १० जानेवारी १९८५ या तारखेला. रणजीचा साखळी सामना, मुंबई विरुद्ध बडोदा. वार गुरुवार, म्हणजे कामाचा. असे सामने तेव्हा टीव्हीवर नसायचे आणि बघायला यायची ती मोजकीच माणसं: निवृत्त कारकून, कॉलेज बुडवलेली पोरं, आणि सावलीत झोपायला आलेले. आदल्याच आठवड्यात कलकत्त्याच्या कसोटीत धीम्या गतीनं शतक काढून आलेल्या रवी शास्त्रीला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. त्यानं तिलक राज या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या एका षटकात सहा चेंडूंवर सहा षटकार मारले. सोबर्सनंतर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये हे करणारा तो दुसरा. ११३ मिनिटांत द्विशतक. सबंध डावात १३ षटकार.

मुंबईतल्या बँका, आयुर्विमा, पोर्ट ट्रस्ट, मंत्रालय, गोदी, पालिका आणि तेव्हा धुगधुगी असलेल्या गिरण्या यांतल्या लाखभर माणसांनी त्या गुरुवारी दांडी मारली होती असं आज कळतं. आश्चर्य हे की त्या दिवशी लोकल वेळेवर होत्या, बँका उघड्या होत्या आणि हजेरीपटावर सह्याही होत्या. आमचे नॉर्थस्टँडकर तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत होते. जेवणाच्या सुट्टीत ते सहज म्हणून पाय मोकळे करायला निघाले आणि सहज वानखेडेवर पोचले, अशी हकिकत आहे. पाय मोकळे करायला निघाले तेव्हा शास्त्री ११० वर होता. बसले आणि पहिला षटकार.

ही हकिकत मी निर्विघ्न ऐकलेली नाही, कारण वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत असतात.

"दहा जानेवारी पंच्याऐंशी ना?" आतून आवाज येतो. "त्या दिवशी तुम्ही परळला आला होतात. मला बघायला."

"संध्याकाळी."

"दुपारी चारला. मामा होते बरोबर. पोहे दोनदा घेतलेत."

"भूक लागली होती. सहा सिक्स बघून आलेला माणूस."

"एक शब्द बोलला नाहीत क्रिकेटचा."

"मुलगी बघायला गेल्यावर शास्त्रीबद्दल बोलतात काय?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "त्या दिवशी मूड असा होता की मी कुणालाही हो म्हटलं असतं."

"ऐकू येतंय," वहिनी म्हणतात.

१९८७च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याची गोष्ट त्यामानानं निरुपद्रवी आहे. इंग्लंडच्या गूचनं आपल्या फिरकीला झाडू मारून मारून ११५ धावा काढल्या. आजारी वेंगसरकर खेळू शकला नाही. सुनील ४ धावांवर डिफ्रेटसच्या चेंडूवर त्रिफळाचीत होऊन आपला शेवटचा एकदिवसीय सामना संपवून गेला. ३५ धावांनी हरलो. सीमेवर त्या दिवशी चेंडू आणून देणाऱ्या पोरांत १४ वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. नॉर्थस्टँडकर त्याच्याशी बोललेले आहेत. जाळीपलीकडून ते म्हणाले, "ए बाळ, जरा खाली बस, दिसत नाही." तो बसला. "मोठ्यांचं ऐकायची सवय तेव्हापासून होती," असा या कथेचा शेवट असतो. बॉल बॉय नेमका कुठल्या बाजूला उभा होता असली चौकशी आता कुणी करत नाही. का करत नाही, ते सांगतो.

२०११च्या विश्वचषकासाठी वानखेडे जवळजवळ नव्यानं बांधायला काढलं आणि नॉर्थ स्टँड पाडला. पाडकामाच्या दिवसांत नॉर्थस्टँडकर डोंबिवलीहून खास जाऊन कुंपणाबाहेर उभे राहायचे. मुकादमाला वीस रुपये देऊन त्यांनी पायरीचा एक तुकडा मिळवला. तिसऱ्या पायरीचाच, हे ओघानं आलं. तो त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला होता. एका वैशाखात कैऱ्यांच्या फोडी मिठात मुरायला घातल्यावर वर ठेवायला वहिनींना काही जड सापडेना, तेव्हा त्यांनी तो धुऊन घेतला. तेव्हापासून त्या तुकड्याची आठ महिने कपाटात आणि चार महिने बरणीवर अशी सत्रं चालतात.

त्या पाडकामाचं दुःख खरं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण दुःखाबरोबर एक मोकळीकही आली, जी नॉर्थस्टँडकरांनी स्वतः कधी बोलून दाखवलेली नाही. पूर्वी एखादा खमक्या भेटायचा. "तिसऱ्या पायरीवर खांब आड येतो, तुम्हाला स्कोअरबोर्ड कसा दिसला?" म्हणायचा. चला दाखवतो, म्हणायचा. आता काय दाखवणार? पायरीच नाही. पंचनाम्याला जागाच उरली नाही म्हटल्यावर साक्षीला ऊत आला. पाडण्याआधी शास्त्रीचा चौथा षटकार माझ्या माहितीप्रमाणे स्टँडच्या मधल्या मजल्यावर पडायचा. स्टँड पडला त्या वर्षी तो रुळांवर गेला. दोन-तीन दिवाळ्यांनी तो लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरला. हल्ली हल्ली ऐकलं तेव्हा गाडी विरार फास्ट होती आणि चेंडू विरारला स्टेशन मास्तरच्या टेबलावर जमा झाला होता. जुनी मैदानं हळूहळू मोठी होतात. नॉर्थ स्टँड आता समुद्राला टेकला आहे.

नव्या वानखेडेवर ते एकदा गेले. मुलानं आयपीएलचं तिकीट काढलं होतं. मुलाचा बिचाऱ्याचा हेतू चांगला होता आणि तिकीट महाग होतं. नॉर्थस्टँडकरांनी सवयीनं वर्तमानपत्र नेलं, दारावरच्या तपासणीतून हुज्जत घालून आत आणलं, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पसरून त्यावर बसले. बसले आणि घसरले. पहिल्या षटकाला ते तिसऱ्यांदा सावरून बसत होते.

"खुर्चीला नंबर आहे," मला नंतर म्हणाले. "नंबर असल्यावर शेजारी कशाला बोलेल? त्याला त्याची जागा मिळाली, मला माझी. 'सरका' म्हणायचं कुणाला? आणि एक माणूस ठेवलाय कर्णा देऊन. तो सांगतो, आता टाळ्या वाजवा. अहो, चेंडू बघून टाळी येते की कर्णा ऐकून? मी एका चांगल्या लेट कटला वाजवली तर आजूबाजूचे बघायला लागले, कर्णेवाल्यानं सांगितलं नव्हतं."

"पण सावली आहे ना आता? छप्पर चांगलं केलंय म्हणतात. टेफ्लॉनचं."

"टेफ्लॉनचं! तवा आहे काय तो?"

"मुताऱ्या?"

यावर ते जरा थांबले. "त्या चांगल्या केल्यात," म्हणाले. न्यायाला न्याय.

आणि तरीही, २ एप्रिल २०११ चा विषय काढा. त्याच मैदानावर श्रीलंकेविरुद्ध अंतिम सामना, गंभीरच्या ९७, कुलसेकराला मारलेला धोनीचा षटकार, २८ वर्षांनी विश्वचषक. हा एवढा मोठा मासा समोर असूनही नॉर्थस्टँडकर गळ टाकत नाहीत. "घरी होतो. टीव्हीवर बघितला," सरळ सांगतात. मला आधी याचं नवल वाटायचं. मग वाटलं, त्यांच्या दृष्टीनं तो सामना त्यांच्या मैदानावर झालाच नाही. परगावच्या सामन्याबद्दल खोटं बोलायचं कारण काय?

कधी कधी मात्र ते खरंही सांगतात. ते कसं ओळखायचं याची खूण मला बऱ्याच उशिरा कळली. खरं सांगताना ते "तिथं होतो मी" म्हणत नाहीत.

मे १९९१. रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरियाणा, हरियाणाचा कर्णधार कपिल देव. मेमधलं वानखेडे म्हणजे अंगाची काहिली. पाचव्या दिवशी मुंबईला जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या आणि सुरुवातीलाच तीन गडी गेले. मग अठरा वर्षांचा तेंडुलकर आणि कर्नल. तेंडुलकर ९६ वर गेला. कर्नल एका बाजूनं उभा राहिला, एकेक गडी जात राहिला आणि शेवटी अकराव्या नंबरचा अॅबी कुरुविल्ला त्याच्या साथीला आला. हे सांगताना नॉर्थस्टँडकरांचा आवाज चढत नाही. चेंडू विरारला जात नाहीत. कुठल्या षटकारानं कुठली खुर्ची मोडली हे ते सांगत नाहीत. शेजारचा दादरवाला चहापानानंतर जागेवरून उठलाच नाही, कारण उठलं की गडी जातो. त्याला पाणी यांनी आणून दिलं. तीन धावा हव्या असताना कुरुविल्ला धावबाद झाला. मुंबई ३५२. दोन धावांनी गेलो. कर्नल नाबाद १३९, आणि तो रडत होता. जाळीच्या चौकोनातून तेवढं दिसलं.

"दादरवाल्याचा डबा राहिला माझ्याकडे," ते म्हणाले. "पुढच्या मॅचला द्यायचा म्हणून ठेवला. तो परत दिसला नाही."

"स्टीलचा आहे," वहिनी आतून म्हणाल्या. "अजून आहे." या हकिकतीत त्यांनी एकही दुरुस्ती केली नाही हे मी नोंदवून ठेवलं आहे. एरवी तारीख, वार, साडीचा रंग, काही सोडत नाहीत. माझा अंदाज असा की नॉर्थस्टँडकरांनी जिंकलेले सामने बरेचसे ऐकलेले असतात आणि हरलेले बरेचसे पाहिलेले.

याला अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. एक दिवस असा आहे की त्या दिवशी अख्खा नॉर्थ स्टँड ओस पडला होता. १९ मार्च २००६, रविवार. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस. तेंडुलकर २१ चेंडू खेळून १ धाव काढून अँडरसनच्या चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन परतला, आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत ते छापून आलं, जगभर गाजलं. म्हणजे मैदानात माणसं होती. तो आवाज काही रुळांवरून आला नाही. पण मी आजवर ज्या ज्या नॉर्थस्टँडकरांना विचारलं त्यातला एकही त्या दिवशी तिथं नव्हता. एक अलिबागला होता. एकाच्या घरी ढेकणांचं औषध मारायला माणूस यायचा होता. एकाला कांजिण्या झाल्या होत्या, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. ईस्ट स्टँडवाले म्हणतात आवाज नॉर्थमधून आला, नॉर्थवाले म्हणतात ईस्टमधून. रिकाम्या मैदानात शास्त्रीचे सहा षटकार बघायला लाखभर माणूस, आणि रविवारच्या गर्दीत हुर्यो ऐकायला चिटपाखरू नाही.

आमच्या नॉर्थस्टँडकरांना मी मागच्या दिवाळीत विचारलं. फराळाची ताटली पुढ्यात होती.

"एकोणीस मार्च? छे छे. मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं नाशिकला. सगळे तिकडेच होतो." चकलीचा तुकडा मोडला. "पण काय तो प्रकार! शोभलं नाही. आधी वरच्या मजल्यावरून एकच आवाज आला बघा. एकच माणूस. मग त्याच्या शेजारचा. मग ते खाली उतरत उतरत आमच्या... खालच्या पायऱ्यांपर्यंत आलं. आता ऊन असं तापलेलं, दोन दिवस इंग्लंडवाल्यांनी नुसतं पिदडलेलं, माणूस वैतागतो हो. तोंडातून जातं. त्यालाच म्हणायचं असतं असं नाही. मी त्या पुढच्याला म्हटलं, गप रे, पोरगा आहे आपला... म्हणजे, असतो तर म्हटलं असतं."

"टीव्हीवर एवढं सगळं दिसत होतं?"

"स्पष्ट. लग्नाच्या हॉलवर टीव्ही होता ना."

"नाशिकचं लग्न मे महिन्यात झालं," वहिनी आतून म्हणाल्या. "आंब्याचा रस होता."

नॉर्थस्टँडकरांनी चकली खाली ठेवली. "मे? मग मार्चमध्ये... हां, बरोबर. मार्च म्हणजे शिमगा. शिमग्याला मी गावी गेलो होतो."

"तुमचं गाव गिरगाव," वहिनी म्हणाल्या.